वेस्ट कोस्ट ट्रेल: भर पावसात कॅम्पर बे ते थ्रॅशर कोव्ह

कॅम्पर बे आणि थ्रॅशर कोव्ह या वाटेवरच्या तंबूच्या दोन मुक्कामांमधलं अंतर नकाशावर जेमतेम ८ किलोमीटर दिसतं. म्हणून दुपारी जेवायला थ्रॅशरला पोहोचू असा हिशेब मांडू नका. झड लागलेली असेल तर सबंध दिवस यातच जातो. आमचा तसाच गेला.

कॅनडाच्या व्हँकुव्हर बेटावरची ही वाट एकूण ७५ किलोमीटरची. १९०६ मध्ये ‘व्हॅलेन्सिया’ जहाज या किनाऱ्यावर फुटलं, शंभरावर माणसं गेली. त्यानंतर फुटलेल्या जहाजांवरच्या लोकांच्या सुटकेसाठी ती नीट बांधून काढली. हे सांगतोय ते एवढ्यासाठी, की असल्या हवेत समुद्राकडे पाहिलं की ती गरज लगेच पटते.

कॅम्पर बेहून निघताना एकच प्रश्न असतो: किनाऱ्याने जायचं की जंगलातून? किनाऱ्यावर ओवेन पॉइंट हे समुद्रात घुसलेलं खडकाळ टोक आडवं येतं. भरतीच्या तक्त्यात पाण्याची पातळी १.८ मीटरच्या खाली असेल तरच ते ओलांडता येतं. आम्ही निघालो तेव्हा भरती चढत होती, शिवाय लाटा मोठ्या. तिथल्या गुहांचे फोटो कितीही मोहात पाडोत, अशा दिवशी तिकडे फिरकू नये. पुढचे शेवाळलेले धोंडे तर पाठीवर सॅक असताना कोरड्या दिवशीही घाम काढतात. भरतीचा तक्ता पाहताना तो प्रमाणवेळेत आहे की उन्हाळी वेळेत, हे आधी तपासा. तिथे गल्लत झाली तर अख्खा तास चुकतो.

आम्ही जंगल धरलं. जंगल म्हणजे चिखल, मुळं आणि शिड्या. चिखल टाळायला कडेकडेने उड्या मारण्यात पाय मुरगळतो. सरळ मधून चाला, बूट तसेही भिजणारच. खरी भीती साल निघालेल्या ओल्या ओंडक्यांची, तिथे बसून सरकण्यात कमीपणा नाही. ओंडक्यावरून ओढा ओलांडताना सॅकचा कमरपट्टा सोडून ठेवा. शिडीवर एका वेळी एकच जण, काठ्या आधीच सॅकला बांधलेल्या. ओढा फुगला असेल तर थांबा. पाऊस ओसरला की पाणीही उतरतं.

रेनकोटबद्दल माझं मत वाईट आहे. कितीही महागडा घ्या, चढावर आतून घामाने भिजतोच. म्हणून झोपायचे कपडे आणि स्लीपिंग बॅग ड्राय बॅगमध्ये, म्हणजे पाणी न शिरणाऱ्या पिशवीत ठेवा, आणि रात्री तंबूत शिरेपर्यंत त्यांना हात लावू नका. सकाळी पुन्हा तेच ओले गार मोजे चढवायचे, इलाज नाही.

थ्रॅशरची वाळूची पट्टी अरुंद आहे. भरतीने आणून टाकलेल्या शेवाळाची ओळ बघा आणि तंबू तिच्या वरच लावा. उशिरा पोचणाऱ्याच्या वाट्याला उरलेली जागा येते. अन्न, टूथपेस्टसकट, अस्वलांपासून जपणाऱ्या लोखंडी पेटीत ठेवायचं.

दुसऱ्या दिवशी ट्रेलच्या टोकाशी असलेल्या गॉर्डन नदीपर्यंत साधारण ५ किलोमीटर उरतात, पण सुरुवातच शिड्यांच्या खड्या चढाने होते. नदी फेरीने ओलांडायची असते, तेव्हा तिच्या वेळा ट्रेलच्या सुरुवातीच्या सक्तीच्या माहिती सत्रातच विचारून घ्या.