वीज चालू आहे ना, मग तक्रार कसली?

सणाच्या दिवसांत घरात आग लागू नये म्हणून जे जे करायचं, त्यातलं बहुतेक एका सुट्टीत उरकलं. धुराचा अलार्म छताला लावला, जुना एक्स्टेंशन बोर्ड टाकून दिला, पडद्यांजवळची दिव्यांची माळ हलवली. अडलं ते मीटरपाशी. तिथे एकोणीस दिवस गेले आणि त्याचा राग अजून गेलेला नाही.

ओव्हन लावला की घरभर दिवे मंद व्हायचे. वायरमनने सगळे बोर्ड उघडून स्क्रू आवळले, तरी तेच. शेवटी त्याने मीटरच्या झाकणाला हात लावला. "ताई, न्यूट्रल इथे लूज आहे. पण सील मला तोडता येत नाही." न्यूट्रल म्हणजे वीज परत नेणारी तार. आणि त्याचं बरोबर होतं, मीटरला वीज कंपनीने लावलेलं सील तोडणं हा गुन्हा आहे.

बाहेरून येणारी केबल ॲल्युमिनियमची. स्क्रूच्या दाबाखाली ॲल्युमिनियम हळूहळू चेपत जातं, वर ऑक्साइडचा थर धरतो आणि पकड सुटते. अशा जोडाचा रोध अर्धा ओहम झाला आणि त्यातून 15 अँपिअर वाहिले, तर त्या एका स्क्रूपाशी शंभर वॅटहून जास्त उष्णता तयार होते. एमसीबी (प्रवाह जास्त झाला की आपोआप बंद होणारा स्विच) पडत नाही, कारण प्रवाह मर्यादेतच असतो. आरसीसीबीही (वीज गळली की बंद होणारा स्विच) पडत नाही, कारण गळती नसते. आणि सणात ओव्हन, गिझर, माळा सगळं एकदम, तासन्‌तास चालू.

वीज कार्यालयातल्या तक्रारीच्या फॉर्मवर वीज गेली, बिल जास्त आलं, मीटर बंद पडला, एवढेच रकाने. 'मीटर तापतो' असा रकानाच नाही. खिडकीतले गृहस्थ म्हणाले, "मॅडम, वीज चालू आहे ना? मग तक्रार कसली?" मी 'इतर' असं लिहून अर्ज दिला. चार दिवसांनी फोनवर मेसेज आला: पुरवठा सुरळीत, तक्रार बंद. घरी कुणी आलंच नव्हतं. दुसरा अर्ज केला. या वेळी माणूस आला, पण दुपारी, घरात फक्त फ्रिज चालू असताना. मीटर गार होता. पुन्हा तक्रार बंद.

तोवर ओव्हन आणि गिझर एकत्र लावायचे नाहीत, झोपताना मेन स्विच बंद, असं चाललं होतं. बॅटरीवरचा अलार्म असल्याने तेवढा तरी धीर होता. (तो शेगडीपासून तीन मीटर तरी लांब लावा. रोजच्या धुराने वाजायला लागला की आपणच वैतागून बॅटरी काढून ठेवतो. महिन्यातून एकदा बटण दाबून बघा.)

तिसरा अर्ज मी वेगळा लिहिला. 'मीटरच्या टर्मिनलला आगीचा धोका' असं पहिल्याच ओळीत. ओव्हन चालू नसताना आणि असताना मल्टिमीटरवर वायरमनने घेतलेले व्होल्टेजचे आकडे, झाकणावरच्या तपकिरी डागाचा फोटो, आणि तपासणी संध्याकाळी हवी अशी विनंती. दोन प्रती केल्या, एकीवर तारखेसह पोच घेतली. हे मी पहिल्याच दिवशी करायला हवं होतं. तुम्ही तरी पहिल्याच दिवशी करा.

माणूस येणार म्हटल्यावर मी अर्धा तास आधी ओव्हन आणि गिझर लावून ठेवले. त्याने झाकणाला हात लावला आणि लगेच मागे घेतला. सील काढलं तर न्यूट्रलचं टोक काळं पडलेलं आणि इन्सुलेशन दोन बोटं वितळलेलं. आधीच्या दोन अर्जांवर कुणी नीट पाहिलं असतं, तर हे तेव्हाच दिसलं असतं. त्याने केबल मागे कापून नवा लग (तारेच्या टोकाला बसवायचा धातूचा तुकडा) लावला, स्क्रू आवळला, नवं सील केलं. वीस मिनिटांचं काम! सीलचा नंबर मी लिहून घेतला, तुम्हीही घ्या.

एक राहिलं. कढईतल्या तेलाने पेट घेतला तर पाणी अजिबात ओतू नका. पाण्याची क्षणात वाफ होते आणि पेटतं तेल घरभर उडतं. गॅस बंद करून झाकण सरकवा आणि गार होईपर्यंत उघडू नका. मोठं झाकण मी आता शेगडीच्या बाजूलाच ठेवते.

त्या संध्याकाळी माणूस गेल्यावर मी ओव्हन तीनदा चालू-बंद करून पाहिला. दिवे जराही मंद झाले नाहीत.