जाहीरनामे आणि कांदा

मे २०२४, लोकसभा निवडणूक तोंडावर. आज सुट्टी, म्हणून दोन्ही मोठ्या पक्षांचे जाहीरनामे शेजारी ठेवून वाचले. काँग्रेसच्या न्यायपत्रात हमीभावाचा कायदा आणि गरीब घरातल्या बाईला वर्षाला १ लाख. भाजपच्या संकल्पपत्रात मोफत रेशन आणखी ५ वर्षं. पैसा कुठून येणार, याचा हिशेब मला तरी कुठेच सापडला नाही.

आमच्या निफाडकडे मात्र विषय एकच, कांदा. डिसेंबरात निर्यातबंदी, ती उठली ४ मे रोजी. तीसुद्धा ४० टक्के शुल्क आणि टनाला किमान ५५० डॉलर दराची अट लावून. मतदान २० तारखेला, योगायोग बघा! मुंबईतल्या ताईला कांदा स्वस्त हवा, गावातल्या काकांना भाव. मत ठरलेलं नाही. उमेदवार दारात आला की निर्यातीवरच विचारणार आहे.