कंबरदुखी, कायरोप्रॅक्टर आणि वर्षभराचा प्लॅन

ड्राइव्हवेवरचा बर्फ उपसताना कंबरेत उसण भरली. न्यू जर्सीत राहणाऱ्यांना पुढचं सांगायला नको. फॅमिली डॉक्टरांनी तपासलं, एक्स-रेची गरज नाही म्हणाले, हिंडतं-फिरतं राहा, शेक घ्या, हवं तर कायरोप्रॅक्टरकडे, म्हणजे हाताने मणके हलवून उपचार करणाऱ्याकडे, जा. गेलो. त्याने कुशीवर वळवून एक झटका दिला, काडकन आवाज आला, आणि दुसऱ्या दिवशी मोजे आपले आपण घालता आले. इथवर तक्रार नाही.

तक्रार आहे ती त्यानंतरच्या छोट्या खोलीबद्दल. तिथे डॉक्टर नसतो, 'केअर प्लॅन' समजावणारी बाई असते. समोर स्क्रीनवर माझा एक्स-रे (हो, गरज नसलेला, त्यांनी काढलाच), त्यावर लाल रेघा, शेजारी कुणाचा तरी आदर्श मणका. कागदावर छापलेलं: आधी आठवड्यातून तीनदा, मग दोनदा, मग एकदा, आणि पुढे वर्ष संपेपर्यंत 'मेंटेनन्स'. खाली आजच सगळे पैसे भरले तर सवलत. 'आजच' या शब्दाखाली पेनाने दोन रेघा.

मी विचारलं, दुखायचं थांबलं तर? म्हणाली, दुखणं हे फक्त लक्षण आहे. म्हटलं, मग बरं झालो हे कशावरून ठरवणार? पुन्हा लाल रेघा. मी म्हटलं, दर वेळचे पैसे दर वेळी देतो. तर प्लॅनशिवाय संध्याकाळची वेळ मिळत नाही म्हणे. कागद घरी नेऊन वाचतो म्हटलं, तर कागद देता येत नाही! सही मात्र त्याच कागदावर हवी. डोकं फिरलं. आमच्या मंडईत भाजीवालीसुद्धा पिशवी भरण्याआधी भाव सांगते.

पुण्याला मावसबहीण फिजिओथेरपिस्ट आहे, तिला फोन लावला. "दादा, सही करू नकोस. आधी त्यांना विचार, पुन्हा तपासणी कधी आणि थांबायचं कधी." तिनेच एका अभ्यासाबद्दल सांगितलं. ओरेगनमध्ये जुनाट कंबरदुखीच्या ४०० जणांवर तो झाला, २०१४ मध्ये छापून आला. कुणाला ६ वेळा मणक्याची हाताळणी (मला दिला तसला झटका), कुणाला १२, कुणाला १८, आणि कुणाला एकदाही नाही, नुसता हलका मसाज. त्यातल्या त्यात १२ वाल्यांचं बरं निघालं, तेही थोड्याच फरकाने. १८ वाल्यांना जास्तीचं काही मिळालं नाही. आणि हे जुनाट दुखण्याचं. माझी ताजी उसण होती, ती बहुतेकांची काही आठवड्यांत कमी होतेच, कुणी मणका मोडो वा न मोडो.

दुसऱ्या दिवशी फ्रंट डेस्कवर उभ्या-उभ्याच सांगितलं: प्लॅन नको, एकेक व्हिजिट, आणि दोन-तीन आठवड्यांत फरक दिसला नाही तर बंद. संध्याकाळची वेळ मिळाली बरं का! थोडी कुरकुर झाली, पण मिळाली. फरक कशात बघायचा हेही मीच ठरवलं: गाडीतून उतरताना दाराला धरावं लागतं का, आणि किती वेळ सलग बसवतं. दोन्ही सुधारल्यावर जाणं थांबवलं. बहिणीने दिलेले व्यायाम मात्र चालू आहेत, आणि उपचार कसे करावेत हे सांगणाऱ्या ब्रिटनच्या नाइस संस्थेची २०१६ची शिफारसही तीच आहे, की हाताळणी करायची तर व्यायामाच्या जोडीनेच.

हे खरं तर आधी लिहायला हवं होतं: पायातली ताकद जात असेल, जांघेत बधिरपणा असेल किंवा लघवी-शौचावरचा ताबा सुटला असेल, तर कायरोप्रॅक्टर वगैरे राहू द्या, थेट इमर्जन्सीत जा.

आणि आईबाबा मेडिकेअरवर (अमेरिकेतला ज्येष्ठांचा सरकारी आरोग्य विमा) असतील तर त्यातला पार्ट बी हा भाग मणक्याच्या हाताळणीचे पैसे देतो, पण कायरोप्रॅक्टरने सांगितलेल्या एक्स-रेचे नाही, मेंटेनन्सचेही नाही. त्या छोट्या खोलीत त्यांना एकटं पाठवू नका.