‘लक्षणं वाढली म्हणजे औषध लागू पडतंय’ : ताईच्या ॲन्युरिझमचा माझा अनुभव

ताईच्या मेंदूतल्या धमनीला ॲन्युरिझम, म्हणजे फुगवटा, झाला होता आणि त्यातून रक्त झिरपलं होतं. आयसीयू, कॉइलिंग (फुगवट्यात आतून तारेचं वेटोळं भरणं), घरी परत येणं हे सगळं त्या मानानं सरळ पार पडलं. जीव टांगणीला लागला होता तो त्याआधीच्या आठवड्यात, आणि त्या आठवड्याचा राग अजून माझ्या मनातून गेलेला नाही.

ताईचं डोकं दुखायला लागलं ते आंघोळ करताना. हळूहळू चढलं नाही, एका क्षणात मानेपासून कपाळापर्यंत भिनलं. भिंत धरून ती खालीच बसली, मग उलटी झाली. काही तासांनी दुखणं थोडं उतरलं, पण मान आखडलेलीच राहिली आणि उजेड सोसेना. अर्धशिशीचा त्रास तिला आयुष्यात कधी नव्हता. मी म्हटलं, इमर्जन्सीत जाऊ. ती म्हणाली, आधी माझ्या होमिओपॅथीच्या डॉक्टरांना विचारते. सर्दी आणि ॲलर्जीसाठी ती वर्षानुवर्षं त्यांच्याकडे जायची, तिचा त्यांच्यावर भरवसा होता.

मी सोबत गेले. कित्येक पानांचा छापील केसपेपर होता. तहान किती लागते, थंडी सोसते का, घाम कुठे येतो, स्वप्नं कसली पडतात, मन दुखावलं की एकटं राहावंसं वाटतं का. डोकेदुखीच्या रकान्यात डावी की उजवी, ठणका की जडपणा, वाकलं की वाढते का. त्यांनी एकेक उत्तर नीट लिहून घेतलं. दुखणं किती वेळात शिगेला पोचलं, हा प्रश्न त्या सगळ्या पानांत कुठेच नव्हता. मीच मध्ये बोलले, की एका झटक्यात आलं. त्यांनी ‘अचानक सुरुवात’ असं लिहिलं आणि त्याच लक्षणावर बेलाडोना ३० दिलं. ज्या एका शब्दावरून रुग्णाला तडक मोठ्या रुग्णालयात पाठवायचं, त्यावरून साबुदाण्यासारख्या गोळ्या निवडल्या गेल्या!

पुढचे दिवस फोनवर गेले. डोक्याचा ठणका डाव्या डोळ्यामागे जाऊन बसला. मी कळवलं. उत्तर आलं, ‘आधी लक्षणं थोडी वाढतात. वाढली म्हणजे औषध लागू पडतंय. आता मध्येच दुसरं काही घेतलंत तर औषधाच्या परिणामाला छेद जाईल.’ मग डावी पापणी खाली यायला लागली. तरीही तेच उत्तर, आणि वर ‘अजून चार दिवस बघू.’ या तर्कातून सुटायला वाटच नाही. दुखणं कमी झालं तर औषधाचा गुण, वाढलं तरी औषधाचाच गुण. मग थांबायचं कधी, हे कुणी सांगायचं? मी विचारलं तेव्हा ‘धीर धरा’ एवढंच ऐकायला मिळालं.

शेवटी मी ताईला खिडकीपाशी बसवलं आणि खाली आलेली पापणी बोटानं उचलली. उजव्या डोळ्याची बाहुली उजेडात बारीक झाली होती. डावी मोठीच्या मोठी, हलायला तयार नाही, आणि डोळा बाहेरच्या बाजूला झुकलेला. तिला एकाची दोन माणसं दिसत होती. मी तिला पुढे काही विचारलं नाही, ॲम्ब्युलन्स बोलावली. त्या दिवशी हट्ट केला याचा मला आजही अभिमान आहे.

इमर्जन्सीतल्या तरुण डॉक्टरांचा पहिलाच प्रश्न होता, ‘डोकेदुखी सुरू झाल्यापासून किती वेळात सर्वांत जास्त झाली?’ ऐकून मला रडूच आलं. एका मिनिटाच्या आत शिगेला पोचणारी डोकेदुखी म्हणजे मेंदूभोवती रक्तस्राव झालाय असं आधी धरायचं आणि मग ते खोडून काढायचं, असं त्यांनी सांगितलं. साधा सीटी स्कॅन स्वच्छ आला. इथे घरी परतू नका. पहिल्या सहा तासांत सीटीवर रक्त बहुधा दिसतंच, पण पुढे ते विरत जातं आणि दिवस उलटल्यावरचा स्वच्छ सीटी निर्वाळा देत नाही. म्हणून दुखणं सुरू झाल्याची नेमकी वेळ लिहून ठेवा आणि न विचारता सांगा. ताईच्या पाठीतून पाणी काढलं तर ते पिवळसर निघालं, म्हणजे आधी रक्त झिरपलेलं होतं. सीटी अँजिओग्राफीत, म्हणजे रक्तवाहिन्या दाखवणाऱ्या स्कॅनमध्ये, फुगवटा दिसला. डोळ्याची हालचाल सांभाळणाऱ्या नसेला तोच दाबत होता.

एक राहिलंच. अशा डोकेदुखीवर घरातली ॲस्पिरिन देऊ नका, रक्तस्राव वाढू शकतो. आणि रुग्णाला गाडी चालवू देऊ नका.

होमिओपॅथीबद्दल मला एवढंच म्हणायचंय की ती पद्धत फक्त लक्षणं वाचते, आणि हा आजार आत डोकावल्याशिवाय कळत नाही. होमिओपॅथीचे जनक हानेमान १८४३ साली वारले. जिवंत माणसाच्या मेंदूतल्या रक्तवाहिन्या एगास मोनिझ यांनी पहिल्यांदा एक्स-रेवर दाखवल्या १९२७ साली. धमनीची भिंत पातळ होऊन फुगलेली असेल तर तिथे आतून प्लॅटिनमच्या तारेचं वेटोळं भरावं लागतं किंवा बाहेरून क्लिप लावावी लागते. बेलाडोनापुढचं ‘३०’ म्हणजे शंभरपट विरळ करण्याची क्रिया तीस वेळा. मूळ पदार्थाचा एक रेणूही हाती लागण्याची शक्यता बाराव्या पायरीच्या आसपासच संपते. ऑस्ट्रेलियाच्या राष्ट्रीय आरोग्य व वैद्यकीय संशोधन परिषदेनं २०१५ साली अभ्यास तपासून सांगितलं, की होमिओपॅथी परिणामकारक असल्याचा विश्वासार्ह पुरावा एकाही आजारासाठी नाही. सर्दी आपोआप बरी होते, तिथे वाट पाहिल्यानं बिघडत नाही. एकदा झिरपलेला फुगवटा पुन्हा फुटू शकतो, आणि तो पुन्हा फुटला की बरेच जण वाचत नाहीत.

घाबरून प्रत्येकानं स्कॅन काढायला धावू नये. शंभर प्रौढांमागे साधारण तिघांना असा फुगवटा असतो आणि बहुतेकांचा कधीच फुटत नाही. मी स्वतःसाठी विचारलं, तर जवळच्या रक्ताच्या नात्यात दोघांना किंवा जास्त जणांना असेल तर सहसा तपासणी सुचवतात असं कळलं. मला रक्तदाब मोजत राहायला सांगितलंय. धूम्रपान करणाऱ्यांना तर ते सोडण्याला पर्यायच नाही.

कॉइलिंगनंतर निमोडिपिन हे औषध दर चार तासांनी, रात्रीसुद्धा, २१ दिवस असतं. रक्तस्रावानंतर मेंदूच्या रक्तवाहिन्या आकसतात, त्यासाठी ते देतात. त्याचा गजर मी माझ्याच फोनवर लावला होता. ताईची पापणी पूर्ण उघडायला काही महिने लागले. कॉइलचं कार्ड रुग्णालयातून निघताना मागून घ्या आणि पाकिटात ठेवा, पुढच्या प्रत्येक एमआरआयच्या वेळी ते दाखवावं लागतं.