पाच तारे आणि अंधारातल्या पायऱ्या

मे महिन्यात दुपारी नागपूरहून मालकांचा फोन आला. "रेटिंग ४.७ वरून ४.४ वर आलंय. जेवणाची तक्रार आहे. स्वयंपाकीण बदला, मी संध्याकाळी येतोच."

पेंच व्याघ्र प्रकल्पाच्या सिल्लारी गेटजवळ आमचा तंबूंचा कॅम्प आहे. तिथली सगळी देखरेख माझ्याकडे. फोनवरचं बोलणं मावशींच्या कानावर गेलं होतं. पीठ मळता मळता त्या थांबल्या. "काहून वो ताई, माह्या हातचं इतकं बेकार झालं का?"

मला उत्तर देता येईना. मग सगळे रिव्ह्यू महिन्यांनुसार वहीत उतरवून घेतले. एकूण ४३. आधीच्या ४० जणांची सरासरी ४.७ होती आणि नंतर तीन जणांनी एकेकच तारा दिला होता. एवढ्यानेच आकडा ४.४ वर आला. चारशे रिव्ह्यू असते तर तिघांमुळे एवढा फरक पडला नसता.

तिघेही मे महिन्यातलेच. पाणवठे आटत जातात तसा वाघ दिसण्याचा संभव वाढतो, म्हणून लोक आशेने येतात, आणि पारा तर पंचेचाळिशीला टेकलेला असतो. एकाला दोन सफारींत वाघ दिसला नाही. दुसऱ्याला दुपारी नळाला चटका बसेल इतकं गरम पाणी आलं. ती तक्रार खरी होती. टाकी उघड्या उन्हात आहे. तिच्यावर ओली पोती घालायला मी लगेच माणूस चढवला. तिसऱ्याला सावजी रस्सा तिखट लागला. त्याच रश्शाला आधी नऊ जणांनी नावाजलं होतं. चूक मावशींची नव्हती, माझी होती. तिखट किती चालेल हे पाहुण्यांना आधी विचारायची पद्धतच मी पाडली नव्हती.

इथेच वही मिटली असती. पण एक तारावाल्यांचं वाचून झालं तसं चार-पाच तारावाल्यांचंही शब्दन्‌शब्द वाचायचं ठरवलं. जानेवारी २०२४ मध्ये पेंचला देशातलं पहिलं डार्क स्काय पार्क, म्हणजे तारे दिसावेत म्हणून रात्रीचा अंधार जपणारं ठिकाण, म्हणून मान्यता मिळाली. त्यानंतर आम्हीही आवारातले मोठे हॅलोजन काढले. तेव्हापासून आकाशाचं कौतुक वाढलेलं दिसत होतं. त्या कौतुकाच्या मधोमध एका बाईंनी लिहिलं होतं, "रात्री बाथरूमला एकटी गेले नाही, मुलाला उठवलं." दुसरीने लिहिलं होतं, "पायऱ्या दिसत नाहीत, बाकी स्वर्ग." अशा चौघी. दोघींनी पाच तारे दिले होते, दोघींनी चार. एकीनेही त्यासाठी तारा कापला नव्हता, म्हणून आकड्यात ते कधी उमटलंच नाही. मीही दोन वर्षं तारे बघून खूश होत राहिले. उन्हाळ्यात रात्री इथे साप निघतात, आणि त्या वाटेने आपण बायकांना, म्हाताऱ्यांना पाठवत होतो, हे कळल्यावर माझ्या पोटात गोळा आला.

संध्याकाळी मालक आले. मी वही पुढे केली. त्यांनी बेरीज स्वतः करून पाहिली, पण चेहरा काही सैल झाला नाही. "जेवणाचं काय ते सांगा."

"सांगते. आधी एकदा माझ्यासोबत चला."

साडेनऊला चार नंबरच्या तंबूपासून आम्ही टॉर्च न लावता निघालो. चंद्र नव्हता. वर आभाळ नुसतं ताऱ्यांनी भरलेलं. जुना टेंभुर्णीचा वृक्ष आहे तिथे वाट वळते, आणि तिथेच तीन पायऱ्या उतरायच्या आहेत. दुसऱ्या पायरीवर मालकांचा पाय चुकला आणि त्यांनी माझा खांदा धरला. थोडा वेळ ते तसेच उभे राहिले.

"आई आली होती मागच्या डिसेंबरात," ते म्हणाले. "याच तंबूत होती."

दुसऱ्या दिवशी सकाळीच रामटेकला गाडी गेली. गुडघ्याच्या खाली बसणारे, वरून झाकलेले, फक्त जमिनीवर पिवळा उजेड पाडणारे दिवे आणले. त्यांच्या उजेडात पायऱ्या दिसतात, आकाशही तसंच राहतं. पायऱ्यांच्या कडांना मी स्वतः चुना मारला. मावशी चहा घेऊन आल्या आणि चुन्याची बादली धरून माझ्याबरोबर शेवटच्या पायरीपर्यंत उतरल्या.