आमचा समुद्र पूर्वेला

१० मे, नागपूर, रात्री

डिक्की भरून झाली. सांबारवडी या उन्हात टिकणार नाही म्हणून तिखट पुऱ्या, चिवडा, पन्ह्यासाठी उकडलेल्या कैरीचा गर आणि आईंच्या, म्हणजे सासूबाईंच्या, हट्टामुळे अर्धा किलो कांदे. ऊन लागू नये म्हणून प्रत्येकाच्या खिशात एक.

दर उन्हाळ्यात समुद्र म्हटला की आमची गाडी पश्चिमेला वळते. समृद्धी झाल्यापासून तर मुंबई आणखीच जवळ आली. यंदा लेकीच्या एका प्रश्नाने दिशा बदलली. शाळेसाठी नाग नदीचा नकाशा काढताना तिने विचारलं, "आई, ही पुढे कुठे जाते?" मी कन्हानपर्यंत सांगितलं आणि अडले. मग हे, मी आणि ती असे तिघं नकाशा पसरून बसलो. नाग कन्हानला मिळते, कन्हान वैनगंगेला. वैनगंगा आणि वर्धा मिळून प्राणहिता होते, ती सिरोंच्याजवळ गोदावरीत शिरते आणि गोदावरी बंगालच्या उपसागराला. आमच्या नळाला येणारं तोतलाडोहचं पाणी पेंच नदीचं, आणि पेंचही कन्हानचीच उपनदी. नागपूरच्या घराघरातलं पाणी शेवटी पूर्वेला जातं, आणि इतकी वर्षं मी समुद्र म्हणून पश्चिमेकडे बघत राहिले.

सासूबाई पाय दाबत ऐकत होत्या. म्हणाल्या, "त्याच्या आधी ते आमच्या पवनीला येते, हे लिही नं वहीत."

त्यांचं माहेर पवनी, अगदी वैनगंगेच्या काठावर. लहानपणी घाटावर ओंजळीने पाणी प्यायच्या. आता आमच्या शहराच्या सांडपाण्याने काळं झालेलं नागेचं पाणी पवनीजवळच्या गोसीखुर्दच्या धरणापर्यंत जातं. त्यांनी आवाज चढवला नाही, पण मला खाली बघावंसं वाटलं.

११ मे, कांकेर

पहाटे चारला निघालो. मौद्याला कन्हान ओलांडली तेव्हा अंधारच होता. भंडाऱ्याला वैनगंगेवर पोचेपर्यंत फटफटलं. आईंनी काच खाली करायला लावली, हात जोडले, रुपया टाकला.

साकोलीच्या पुढे देवरीपर्यंत जंगल. मे महिन्यातलं आपलं सागाचं जंगल म्हणजे नुसत्या काठ्या आणि जमिनीवर करकरणारी पानं. ह्यांनी लेकीला सांगितलं, महाराष्ट्रात सहा राष्ट्रीय उद्यानं, त्यातली चार विदर्भात: ताडोबा, पेंच, गुगामल आणि ह्या रस्त्याच्या दक्षिणेला असलेलं नवेगाव. तिला फक्त ताडोबा आणि पेंच माहीत होती. जिप्सीत बसून वाघ दिसला की झालं, एवढंच आपण मुलांना जंगल दाखवतो याचं मला वाईट वाटलं. पेंच हे आधी नदीचं नाव आहे, हे मीही तिला कधी सांगितलं नव्हतं.

राजनांदगावला गाडीचा एसी बंद पडला. दुपारी तीनपर्यंत गॅरेजमध्ये. दुपट्टे ओले करून डोक्याला बांधले, पन्हं संपलं. एसी काही दुरुस्त झाला नाही. काचा उघड्या ठेवून पुढे निघालो.

१२ मे, जगदलपूर

केशकाल घाट चढला आणि हवा बदलली. घाटावर साल वृक्षांचं जंगल सुरू होतं. आपला साग ह्या दिवसांत उघडाबोडका असतो, साल मात्र मे महिन्यात नव्या पालवीने हिरवागार. सावलीतून जाणारा रस्ता बघून आई किती तरी वेळ बोलल्या नाहीत.

संध्याकाळी चित्रकोटच्या धबधब्याला. घोड्याच्या नालेसारखा वळलेला कडा, उंची सुमारे ३० मीटर. पावसाळ्यात इंद्रावती कड्याच्या ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत कोसळते, आता चारपाच धारा होत्या. धारा कमी असल्यामुळे कड्याचा खडक थरांसकट दिसत होता, आणि नाव अगदी जवळ जात होती. ही नदी ओडिशात कालाहांडीला उगवते आणि पश्चिमेला वाहते. आम्ही पूर्वेला चाललो होतो आणि ती आमच्या गडचिरोलीकडे. तिथे काही अंतर हद्दीवरून वाहून ती गोदावरीला मिळते. लेकीने वहीत बाण उलटा काढला आणि शेजारी लिहिलं, "ही पण आपली."

१३ मे

कांगेर घाटी राष्ट्रीय उद्यान. १९८२ सालचं, सुमारे २०० चौरस किलोमीटरचं. इथे वाघासाठी कोणी येत नाही, म्हणूनच मला ते इतकं आवडलं असावं. साल, साग आणि बांबू एकत्र वाढलेले. सगळे पहाडी मैनेबद्दल विचारत होते. छत्तीसगडचा राज्यपक्षी, माणसासारखा बोलतो. आम्हाला दिसली नाही, पण गाइड दोनदा थांबला आणि "सुनो" म्हणाला. दुसऱ्या वेळी ऐकू आली.

कुटुमसरची गुहा चुनखडीची. अरुंद जिन्याने खाली उतरावं लागतं, पावसाळ्यात ती पाण्याने भरते म्हणून बंद ठेवतात. आई वर थांबल्या. आत गाइडने दिवा एका डबक्यावर धरला. पांढुरके, बोटाएवढे मासे. पिढ्यान् पिढ्या अंधारात राहून त्यांची दृष्टी गेलेली. मग त्याने दिवा विझवला. लेकीने माझा हात घट्ट धरला. कुठून तरी थेंब पडत होता, एक, मग बऱ्याच वेळाने दुसरा. त्या थेंबांनीच हे खांब घडवलेत, हे पुस्तकात वाचलेलं वेगळं आणि अंधारात उभं राहून ऐकणं वेगळं. बाहेर आल्यावर आईंना सगळं सांगताना पोरीचा आवाज नेहमीपेक्षा हळू होता.

१५ मे, अराकू

कोरापुटवरून पूर्व घाट. उंच सिल्व्हर ओकवर चढलेले मिरीचे वेल, त्यांच्या सावलीत कॉफी. रात्री पांघरूण घ्यावं लागलं. नागपुरात शेजाऱ्यांना फोन केला तर कूलरसमोर बसूनही झोप नाही म्हणाले.

बोर्राची गुहा कुटुमसरहून कितीतरी मोठी, रंगीत दिवे लावलेली. मला ते दिवे नकोसे झाले. तिच्याखालून गोस्थनी वाहते. लेकीने नकाशा पाहिला. गोस्थनी गोदावरीला मिळत नाही, भीमुनिपट्टणमला थेट समुद्रात जाते. तिने प्रामाणिकपणे लिहिलं, "ही आपली नाही."

१६ मे, विशाखापट्टणम

पहाटे पाचला आईंनीच उठवलं. मुंबईचा समुद्र त्यांनी पाहिला होता, तिथे सूर्य बुडतो. इथे पाण्यातून लाल कड वर आली तेव्हा त्या पदर डोक्यावर घेऊन उभ्या राहिल्या. "इथं तर निघून राहिला नं," एवढंच बोलल्या. लाटा जोरदार होत्या, पाण्यात कोणालाच जाऊ दिलं नाही. दुपारी किनाऱ्यावर संग्रहालय म्हणून ठेवलेली कुरसुरा पाणबुडी पाहिली. लेक दिवसभर विचारत होती, आपलं पाणी ह्यातलं कोणतं?

ह्यांनी सांगितलं, ते इथे नाही, दक्षिणेला, गोदावरीच्या मुखाशी. परतीचा रस्ता तिथेच ठरला.

१८ मे, राजमहेंद्री

मी एवढी मोठी गोदावरी पाहिली नव्हती. नाशिकला रामकुंडावर पाहिलेली, पायऱ्यांमधली. इथे खाली धवलेश्वरमचा बंधारा आहे, म्हणून मे महिन्यातही पात्र भरलेलं. कमानींच्या पुलावरून गाडी गेली तर डबे काड्यापेटीएवढे दिसत होते.

ह्यांनी लेकीला दाखवलं की गोदावरीच्या खोऱ्याचा सुमारे एक तृतीयांश भाग एकट्या प्राणहितेचा आहे. वैनगंगा, वर्धा, पेंच, कन्हान सगळ्या त्यातल्या. मला अभिमान वाटला आणि लगेच नाग आठवली. एवढ्या मोठ्या पाण्यात आपण काय सोडतो, हा प्रश्न घरी नेण्यासारखा होता. मी तो ह्यांना तिथेच बोलून दाखवला.

घाटावर शहाळी विकणारे एक म्हातारे गृहस्थ होते. आईंनी त्यांना हिंदीत विचारलं, ये पानी कहाँ से आता है? ते हसले आणि म्हणाले, "नासिक से, अम्मा."

आईंनी शहाळं बाजूला ठेवलं. पुलाच्याही पलीकडे, वरच्या अंगाला हात केला.

"और पवनी से," त्या म्हणाल्या.

त्यांना पवनी कुठे आहे ते कळलं नाही. लेकीने वही उघडून त्यांच्यासमोर धरली.