बाळंतपणाला गेलेला चाकू

कैरी कापली आणि चाकू पुसायचा राहिला. बाहेर पारा ४२ला टेकलेला, पंख्याखाली डुलकी लागली. उठून बघतो तर पातं निळसर काळं पडलेलं, रॉकेलच्या थेंबावर दिसतात तसे रंग. पूर्वी जीव हळहळला असता. आता मी ते उन्हाकडे धरून बघत बसलो.

माझ्याकडे खिशातले चाकू तीन. एरवी हे सांगितलं की माणसं जरा सरकून बसतात. खिशातला चाकू म्हटलं की आपल्याकडे रामपुरीच डोळ्यापुढे येतो. हिंदी सिनेमानं तेवढं करून ठेवलंय. माझे तिन्ही गरीब. पेरू, काकडी, सुतळी आणि कुरिअरची चिकटपट्टी यापलीकडे त्यांनी जग पाहिलेलं नाही.

पहिला लाल, स्विस. नोकरी संपली तेव्हा सहकाऱ्यांनी दिला. हातात न देता टेबलावर ठेवला आणि म्हणाले, घ्या उचलून. हातात दिला की भांडण होतं ना. त्याची कात्री चांगली, छोट्या पेचकसानं चष्म्याची काडी घट्ट होते. बाटलीचं बूच काढायचा पिळाचा आकडा आमच्या घरात काय कामाचा, असं वाटलं होतं. पण लेंग्याच्या नाडीला बसलेली गाठ सोडवायला त्याच्याइतकं उत्तम हत्यार मी पाहिलेलं नाही.

दुसरा भाच्यानं आणलेला ओपिनेल. फ्रान्समधल्या साव्हुआ भागातला, १८९०पासूनचा घाट. बीचच्या लाकडाची गोल मूठ, कार्बन पोलादाचं पातं आणि मानेत एक फिरतं कडं. ते कडं १९५५मध्ये आलं. फिरवलं की पातं बोटावर मिटत नाही. मला हाच हाताला बसतो. फक्त पावसाळ्यात लाकूड फुगतं आणि पातं आत रुतून बसतं, नखानं निघत नाही. मग मुठीचं मागचं टोक टेबलावर ठोकायचं, पातं आपोआप जरासं डोकं वर काढतं. अर्थात सोलापुरात असा पाऊस वर्षातून किती दिवस पडतो? बाकी दहा महिने तो सुतासारखा उघडतो.

तिसरा अप्पांचा. गड्ड्यात, म्हणजे आमच्या सोलापूरच्या सिद्धेश्वराच्या जत्रेत घेतलेला, होम मैदानावर. अप्पांनी सहा-सात चाकू उघडून-मिटून पाहिले, कानाशी धरून मिटण्याचा आवाज ऐकला आणि सगळ्यांत काळाबेंद्रा उचलला. त्याला खटका नाही, कडं नाही. पातं घट्ट आहे म्हणूनच काय ते उघडं राहतं. मुठीला पितळेच्या दोन खिळ्या. मिलमधून पहिल्या पाळीचे अप्पा आले की पायरीवर बसत, खिशातून आधी चाकू निघे, मग पेरू. चार फोडी करायच्या, तीन पोरांना, चौथी त्यांना, मीठ लावून. फोड पात्यावरून तोंडात घालायची नाही, बोटांनीच उचलायची, यात कधी सूट नव्हती. मग थुंकीचा एक थेंब टाकून त्याच पायरीच्या दगडावर धार. दगडाला खोलगट खाच पडली होती आणि पातं दर वर्षी थोडं थोडं बारीक होत होतं. घर पुन्हा बांधलं तेव्हा पायऱ्यांना फरशा बसवल्या. फरशीवर धार लागत नाही. लावून पाहिली.

या चाकूचा आणखी एक धंदा होता. गल्लीत कुणाकडे बाळ झालं की तो मिटवून, चिंधीत गुंडाळून त्या बाळाच्या उशाखाली जायचा. लोखंड जवळ असावं म्हणून. माझ्याही उशाखाली होता म्हणे. त्या दिवसांत अप्पा पेरू दातांनी खायचे. कुणी विचारलं, चाकू कुठंय, तर म्हणायचे, "बाळंतपणाला गेलाय."

मागच्या महिन्यात पुण्याहून भाचीचा फोन. "मामा, बाळ रात्रभर झोपत नाही. सासूबाई म्हणतात लोखंड ठेव. तुझ्याकडे चाकू आहेत ना?" मी स्विस द्यायचं ठरवलं, तोच सुबक. आईनं तो हातात घेतला, उलटापालटा केला.

"ह्याला गंज चढतो का?"

"नाही."

"मग हे काय लोखंड झालं?"

मी समजावू लागलो की यातही बहुतेक लोखंडच असतं, क्रोमियममुळे गंजत नाही इतकंच. तिनं ऐकून घेतलं आणि चाकू बाजूला ठेवला. खरं तर या चाकूला तिनं तरी नापास करायला नको होतं. तो काढणाऱ्या कार्ल एल्सनर यांची आई १९०९मध्ये गेली, तिचं नाव व्हिक्टोरिया, तेच त्यांनी मालाला दिलं. १९२१मध्ये त्याला 'इनॉक्स', म्हणजे न गंजणारं, जोडलं आणि व्हिक्टोरिनॉक्स झालं. आईचं नाव आणि न गंजणं, दोन्ही नावातच. आमच्या आईला हे सांगितलं. ती म्हणाली, "असंल की."

ओपिनेल पाहून म्हणाली, "लाकूड बरंय. पण अजून कुणाच्या उशाला गेला नाही."

गेला मग अप्पांचाच. जुन्या टॉवेलची पट्टी, वर सुतळी, ओळखीचं कुणी पुण्याला निघालं होतं त्यांच्या पिशवीत. असल्या गोष्टींवर माझा विश्वास नाही. तरी देताना पातं खोबरेल लावून पुसलं.

आता कैऱ्या ओपिनेलनं कापतो. आज काळं पडलेलं पातं आईला दाखवलं तर म्हणाली, "हां, आता कुठं कामाचा दिसालाय." संध्याकाळी भाचीला फोन केला. बाळ अजून रात्रभर रडतंच.

"वरनं किती चिंध्या गुंडाळल्यात, विचार," आई पलीकडून म्हणाली.

मी विचारलं नाही.